गेमिंगचे सामने घरून बघायला तिकीट काढाल का?

दुसरी पाळी (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोच्या वेळी स्ट्रीट फायटर हा खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमने जाहीर केलं की त्या खेळाच्या कॅपकॉम कप १२ या स्पर्धेचा शेवटचा टप्पा घरून थेट बघायचा असेल तर पैसे मोजा. पे-पर-व्ह्यू, ४,००० येन. स्ट्रीट फायटरवाली मंडळी खवळली. मीही आधी दोन शिव्या हासडल्या आणि मग आठवलं की असलं तिकीट आपण स्वतः एकदा नव्हे, चार वेळा काढलेलं आहे.

त्यातलं एक २०१२ च्या फेब्रुवारीतलं. मेजर लीग गेमिंगची (एमएलजी) विंटर अरीना स्पर्धा, खेळ स्टारक्राफ्ट २, तिकीट वीस डॉलर. थेट प्रक्षेपणाची ट्विच साइट सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, पण तेवढ्यात सगळ्यांना फुकटची सवय लागली होती, त्यामुळे तेव्हाही अशीच बोंबाबोंब झाली होती. मी मुकाट पैसे भरले आणि तीन दिवस अंघोळ विसरलो.

त्याआधी कोरियाच्या जीएसएल या स्टारक्राफ्ट स्पर्धेचं सीझन तिकीट काढायचो. तिथे थेट प्रक्षेपण धुरकट दर्जात फुकट मिळायचं. स्वच्छ चित्र आणि होऊन गेलेले सामने हवे असतील तर पैसे. कोरियातली संध्याकाळ म्हणजे अर्ध्या जगाची झोपेची वेळ. म्हणजे मी पैसे देत होतो ते सामन्याचे नव्हेच, झोपेचे. आणि टेस्टलेस-आर्टोसिस या समालोचक जोडीच्या बडबडीचे. दोन्ही पैसे वसूल.

पण हे टिकलं नाही. एमएलजीने पे-पर-व्ह्यू गुंडाळलं, जीएसएलही पुढे फुकट झालं. उलट बॉक्सिंगमध्ये लोक शंभर शंभर डॉलर मोजतात. मग आपल्याच खेळात घोडं का अडतं? आपण चिकट आहोत म्हणून, की आणखी काही?

---

फुकट्या नंबर एक

आपण चिकट आहोत म्हणून. धागा संपला. 😄

---

हिशेबनीस

बॉक्सिंगशी तुलना चुकीची आहे. मेवेदर-पॅकियाव, मे २०१५: अमेरिकेत एचडीत ९९.९५ डॉलर आणि सुमारे ४६ लाख विक्री. पण ते काय होतं? पाच-सहा वर्षं लोक ज्याची वाट बघत होते ती एक लढत, एका रात्रीत, एका तासात संपणारी. पुन्हा ती दोघं समोरासमोर येतील याची शाश्वती नाही. घरात पंधरा जण गोळा व्हायचे आणि वर्गणी काढायचे.

आपल्याकडे काय असतं? तीन-चार दिवस, रोज दहा तास, आणि तेच दोन संघ पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात पुन्हा भिडणार. वाटच बघायला लागत नाही त्याला तिकीट कोण काढणार?

आणि ज्यांचं उदाहरण सगळे देतात त्या यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार केला. २०२६ पासून अमेरिकेत त्यांचं पे-पर-व्ह्यू बंद, साध्या वर्गणीत सगळं. ज्यांनी या धंद्यावर घर बांधलं तेच घर सोडून चाललेत.

---

चिवट

यूएफसीचं घर सोडणं म्हणजे ७.७ अब्जाच्या बंगल्यात जाणं आहे हो. आपल्याला कोण देतंय तसला बंगला?

---

निवृत्त ऑब्झर्व्हर

राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी काही वर्षं स्पर्धांच्या प्रक्षेपणात होतो, बहुतेक शूटर खेळांत. ऑब्झर्व्हर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैदानात दहा खेळाडू, तुम्हाला दिसतो एका वेळी एकाचाच डोळा. तो कोणाचा हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. गोळी सुटल्यावर तिकडे कॅमेरा नेला तर उशीर झालेला असतो, सुटायच्या आधी तिथे असावं लागतं. पडद्यावर कधी काही चुकलं तर चॅटमध्ये लाखभर लोक तुमच्या डोळ्यांची चौकशी करतात. बरोबर गेलं तर तुम्ही अस्तित्वातच नसता.

आमच्यासारखे तिघं-चौघं, रिप्लेवाले, दिग्दर्शक, ग्राफिक्सवाला, कास्टर (समालोचक), आवाजवाला, खेळाडूंच्या कानात गर्दीचा आवाज जाऊ नये म्हणून झटणारा एक, फक्त इंटरनेटच्या दोन लाइनी जिवंत ठेवणारा एक. या सगळ्यांचं विमान, हॉटेल, रोजंदारी. आणि हे सगळं तुम्ही फुकट बघता. फुकट बघू नका असं म्हणत नाही. पण "स्ट्रीमला कसला खर्च" हे वाक्य वाचलं की माझी सटकते.

तरीही मी पे-पर-व्ह्यूच्या विरोधात आहे, आणि ते भावनेपोटी नाही. फुकटात जेव्हा ट्विच-यूट्यूबवर दाखवतो तेव्हा लाख माणसं आली काय नि दहा लाख काय, चित्र पोचवायचा बोजा प्लॅटफॉर्म उचलतो. तिकीट लावलं की बहुतेक वेळा तो बोजा तुमच्या अंगावर येतो. वर पैसे घ्यायची यंत्रणा, परतावे, "माझं कार्ड चाललं नाही" म्हणणाऱ्यांना उत्तरं द्यायला माणसं. आणि खरा फटका पुढे आहे. प्रायोजक पैसे देतो तो दर मिनिटाला सरासरी किती डोळे पडद्यावर होते हे बघून. समजा लाखातले तीन हजार तिकीट काढून आले. तुमच्या हातात तीन हजार तिकिटांचे पैसे, पण प्रायोजकासमोर ठेवायला आता तीन हजारच डोळे. तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

---

हिशेबनीस

@निवृत्त ऑब्झर्व्हर, हे प्रायोजकाचं गणित बाहेरून कधीच दिसत नाही. धन्यवाद.

---

रेवा

मी फायटिंग गेमवाली, त्यामुळे माझं मत गरम आहे, आधीच सांगते.

फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा, २००४. डायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग, स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक. डायगोच्या केन या पात्राकडे रक्ताचा एक ठिपका उरलेला, नुसता अडवला तरी मरेल अशी अवस्था. वाँगचं पात्र चुन-ली सुपर (सर्वांत मोठा हल्ला) सोडते आणि डायगो त्यातला प्रत्येक, पंधराच्या पंधरा फटके पॅरी करतो (नेमक्या क्षणी परतवतो) आणि उलटून जिंकतो. पुढे त्याने ती स्पर्धा जिंकली नाही, अंतिम सामन्यात हरला. कोणाला आठवतंय? त्या पॅरीची क्लिप आठवते. यूट्यूब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं, तरी ती क्लिप संगणकामागून संगणक हिंडली. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी कंट्रोलर उचलला तो ती बघून.

आता ती क्लिप तिकिटाच्या भिंतीमागे राहिली असती तर?

---

चिवट

रेवाताई, एक खोडी काढतो. त्या काळी इव्होच्या सामन्यांच्या डीव्हीडी विकल्या जायच्या. म्हणजे भिंत होतीच.

---

रेवा

होतीच. आणि क्लिप भिंतीवरून उडी मारून आली म्हणूनच आज आपण तिच्याबद्दल बोलतोय. डीव्हीडी कोणाला आठवतात? तुम्ही माझाच मुद्दा मांडलात चिवटराव, आभारी आहे.

---

फुकट्या नंबर एक

😂😂 चिवटराव, पाणी घ्या.

---

दुसरी पाळी

छान चाललंय. आता माझं मत.

फुटबॉलचा मालक कोणी नाही. चेंडू आणला, चार खांब रोवले की झालं. आपल्या खेळाला मात्र मालक असतो. डोटा आणि काउंटर-स्ट्राइक व्हॉल्व कंपनीचे, लीग ऑफ लेजंड्स रायट कंपनीचा. स्पर्धा भरवणारा परका असेल तर तो भाडेकरू. मालकाच्या दृष्टीने स्पर्धा म्हणजे खेळाची जाहिरात. सामना बघून चार पोरं खेळायला आली, त्यांनी स्किन (खेळातल्या सजावटीच्या वस्तू) घेतल्या, मालकाचं भागलं. जाहिरात बघायला तिकीट कोण लावेल? त्यामुळे फुकट दाखवणं त्याला परवडतं. भाडेकरूला नाही परवडत, कारण स्किन विकायचा हक्क त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे विकण्यासारखं असतं ते फक्त प्रक्षेपण, आणि तेही मालकाच्या मर्जीवर.

२०१८ आठवा. स्पर्धा भरवणाऱ्या ईएसएलने डोटा आणि काउंटर-स्ट्राइकचं प्रक्षेपण फेसबुकला एकहाती दिलं. तिकीट नव्हतं, नुसतं दार बदललं होतं, तरी लोक चिडले. काही जण डोटाच्या आतून (डोटाटीव्हीवर) दिसणारा सामना ट्विचवर दाखवू लागले. ईएसएलने त्यांच्यावर कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या. तेव्हा व्हॉल्वने जाहीरपणे सांगितलं की डोटाटीव्हीवरून दाखवलेल्या खेळाबद्दल, त्यात प्रक्षेपकाचं स्वतःचं काही वापरलेलं नसेल तर, अशी नोटीस आमच्याखेरीज कोणीही पाठवायची नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ससा व्हॉल्वच्या हातात होता.

म्हणून माझं म्हणणं, पे-पर-व्ह्यू पडतं ते चाहत्यांच्या चिकटपणाने नाही. त्याच्या शेजारीच मालक फुकट दुकान मांडून बसलेला असतो.

---

सावली

मग कॅपकॉमचं काय? तिथे तर मालकच तिकीट लावतोय.

---

दुसरी पाळी

तिथेच माझा सिद्धांत लंगडतो, मान्य. जपानात कोविडच्या काळात गाण्यांच्या कार्यक्रमांची ऑनलाइन तिकिटं सर्रास विकली गेली, त्यामुळे तिथल्या माणसाला ही कल्पना अजब वाटत नसणार. पण स्ट्रीट फायटर जगभर खेळला जातो आणि तिकीट मात्र एका देशाच्या सवयीवर बेतलेलं, असं मला वाटतं. शिवाय स्पर्धेचं बक्षीस मोठं आहे. कॅपकॉम कपच्या विजेत्याला दहा लाख डॉलर मिळतात. ते कुठून तरी यायला हवेत ना.

---

हिशेबनीस

बक्षिसाचा विषय निघालाच आहे तर व्हॉल्वची युक्ती बघा. पैसे चाहत्यांकडूनच काढले, पण तिकीट हा शब्द न उच्चारता.

२०१३, डोटाची मोठी स्पर्धा द इंटरनॅशनल ३. कंपेंडियम नावाची एक डिजिटल वही, किंमत जवळपास १० डॉलर. त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात जाणार. मूळ बक्षीस १६ लाख डॉलर, ते २८ लाखांच्या वर गेलं. सामने सगळ्यांना फुकटच. २०२१ ला बुखारेस्टमध्ये झालेल्या दहाव्या स्पर्धेपर्यंत हाच आकडा ४ कोटींवर पोचला आणि टीम स्पिरिटची पोरं रातोरात कोट्यधीश झाली.

आता उलटं गणित करा. ४ कोटींतून मूळचे १६ लाख वजा केले तर चाहत्यांचे उरतात ३ कोटी ८४ लाख. हा जर चौथा हिस्सा, तर एकूण विक्री १५ कोटी ३६ लाख. म्हणजे साडेअकरा कोटी डॉलर व्हॉल्वच्या गल्ल्यात. आवळा देऊन कोहळा काढणे याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि लोकांनी ते आनंदाने दिले! बघायला वीस डॉलर मागितले असते तर दगड मारले असते.

२०२३ मध्ये व्हॉल्वने त्या वहीतल्या आकर्षक वस्तू काढून घेतल्या आणि बक्षीस धाडकन ३० लाखांच्या आसपास आलं. लोक पैसे देत होते ते टोप्या-तलवारींना, स्पर्धेवरच्या प्रेमाला नव्हे.

---

सावली

ते जरा एकांगी झालं. मी दोन वर्षं कंपेंडियम घेतलं. त्यातल्या वस्तू मी कधी घातल्याही नाहीत. कोण जिंकणार, कोणता हिरो सर्वांत जास्त निवडला जाणार, असले अंदाज भरायचे असायचे, आणि ते भरले की अनोळखी संघांचा रटाळ सामनाही जीव मुठीत धरून बघितला जायचा. दहा डॉलरमध्ये मला बघायला कारण मिळालं. नुसतं तिकीट दाराच्या आत सोडतं, पुढे काही देत नाही.

---

चिवट

काउंटर-स्ट्राइकचे स्टिकर विसरू नका. मेजर स्पर्धेच्या वेळी संघांचे आणि खेळाडूंच्या सह्यांचे स्टिकर विकतात, निम्मे पैसे खेळाडू आणि संघांना. पॅरिस २०२३ च्या स्टिकरमधून त्यांना ११ कोटी डॉलर मिळाल्याचं व्हॉल्वनेच सांगितलं होतं. रायटनेही व्हॅलोरंटच्या चॅम्पियन्स स्किनबाबत हीच निम्म्याची वाटणी ठेवली.

पण पुन्हा तेच. सगळं मालकाच्या दुकानात.

---

निवृत्त ऑब्झर्व्हर

आणि ऑब्झर्व्हरच्या सहीचं स्टिकर कधीच निघत नाही. 🙂

---

कडू कारलं

सगळे जण फुकटाचं कौतुक करताय, म्हणून मी उलट बाजू घेतो.

फुकट असं काही नसतं. तुम्ही पैसे देत नाही तेव्हा दुसरं कोणी तरी देतं, आणि जो देतो तो ठरवतो. आज बघा पडद्यावर कोणाची नावं असतात. सट्टा आणि स्किनचा जुगार चालवणाऱ्या साइट. चौदा वर्षांचा पोरगा सामना बघतो आणि दर ब्रेकला त्याला जुगाराचं आमंत्रण. दुसरीकडे सौदी पैसा. २०२२ मध्ये सॅव्ही या सौदी कंपनीने ईएसएल आणि फेसइट या दोन ई-स्पोर्ट्स कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या. रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपचं बक्षीस २०२४ ला ६ कोटी, २०२५ ला ७ कोटी डॉलर. काही खेळाडू, काही कास्टर तिथे जायला तयार नव्हते. पण बाकी पैसा आटलेला असताना नाही म्हणायची चैन किती जणांना परवडते?

चाहत्यांनी थेट पैसे दिले असते तर निदान ही स्पर्धा कोणाची हे विचारायचा हक्क आपल्याला राहिला असता. फुकट बघणाऱ्याला तो हक्क नाही. त्याने गप्प बसून जाहिरात बघावी.

---

रेवा

कडू आहे पण खरं आहे. पहिल्यांदाच गप्प बसते.

---

फुकट्या नंबर एक

गंमत बाजूला ठेवून विचारतो, कडू कारलंजी. मी शिकत असताना माझ्याकडे कार्डच नव्हतं. पैसे द्यायची इच्छा असून देता आले नसते. वीस डॉलर एका देशात एका जेवणाचे, दुसऱ्या देशात आठवड्याच्या कमाईचे. "थेट पैसे देणारे चाहते" म्हणजे ठरावीक देशांतले, ठरावीक वयाचे. मग स्पर्धा त्यांची होईल, आमची नाही. मालक बदलला, एवढंच.

---

कडू कारलं

याला माझ्याकडे उत्तर नाही. देशाप्रमाणे दर ठेवता येतील, पण चौदा वर्षांच्या पोराला कार्ड कुठून आणायचं हा प्रश्न उरतोच.

---

हिशेबनीस

मधला मार्ग झालाय करून. ओव्हरवॉच लीगने २०१८ मध्ये सामना फुकट ठेवून ट्विचवर ऑल-ॲक्सेस पास विकला, २९.९९ डॉलर. जास्तीचे कॅमेरे, पडद्यामागचं चित्रण, खेळातल्या काही वस्तू. कल्पना मला आवडली होती. पण लीगच २०२३ ला बंद पडली, त्यामुळे त्यावरून काही शिकावं की नाही कळत नाही. बुडत्या जहाजावरची खानावळ चांगली होती का, तसला प्रश्न.

---

निवृत्त ऑब्झर्व्हर

जास्तीच्या कॅमेऱ्यांबद्दल एक. लोकांना वाटतं की आपल्याला हव्या त्या खेळाडूचा कॅमेरा मिळाला की स्वर्ग. दहा मिनिटं मजा येते. मग कळतं की गोष्ट कुठे चाललीय ते दिसत नाहीये, आणि माणूस मुकाट मुख्य प्रक्षेपणावर परत येतो. अपवाद स्वतः गंभीरपणे खेळणाऱ्यांचा. त्यांना एकाच खेळाडूचा माउस तासभर बघायचा असतो, आणि ते पैसेही देतात. तिकीट विकायचंच असेल तर त्यांना विका.

---

सावली

को-स्ट्रीमिंगचा (सामना आपल्या चॅनलवर लावून त्यावर बोलणाऱ्या स्ट्रीमरांचा) मुद्दा कोणीच काढला नाही? आता निम्मे लोक अधिकृत चॅनल बघतच नाहीत. ब्राझीलमध्ये गाउलेस, लीग ऑफ लेजंड्समध्ये पूर्वी स्वतः खेळलेला केड्रेल. लोक त्यांच्याबरोबर सामना बघतात. तिकीट लावलं की हे सगळं बंद.

---

दुसरी पाळी

बंद होत नाही. यावरून माझ्या चौथ्या तिकिटाची गोष्ट सांगतो. स्पर्धेचं नाव घेत नाही.

अंतिम दिवसाचं तिकीट काढलं. भाचा सुट्टीला आला होता, वय तेरा. म्हटलं, चल, मोठ्या पडद्यावर बघू. पहिला सामना सुरू झाला आणि चित्र गोठलं. मी लॉगआउट, लॉगइन, ब्राउझर बदल, राउटर बंद-चालू, सगळे नवससायास केले. मदतीच्या खिडकीत लिहिलं, तिकडून "आम्ही तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत". तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आरोळी आली. जाऊन बघतो तर भाचा मोबाइलवर एका स्ट्रीमरला बघतोय. त्या स्ट्रीमरने तिकीट काढलेलं, पण चित्र दाखवायला बंदी, म्हणून पडद्यावर फक्त त्याचा चेहरा. तो सामना बघतोय आणि ओरडतोय, आणि हजारो लोक त्याला बघतायत. सामना कोणालाच दिसत नाही. चॅट धो धो वाहतंय. भाचा म्हणाला, "मामा, बस ना, भारी चाललंय."

माझं चित्र सुरू झालं पंचवीस मिनिटांनी. माझ्याकडे चॅटच नव्हतं. स्वच्छ, सुंदर, एचडी सामना, आणि खोलीत मी एकटा.

---

चिवट

आणि निकाल आधी कोणाला कळला?

---

दुसरी पाळी

त्याला. त्या चॅटमध्ये कोणी तरी प्रत्यक्ष हॉलमध्ये बसलेला होता.